पदकवाल्या शिपायाचा जुना फोटो: मूळ प्रिंट घ्यावी की रंगवलेली तसबीर?

दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय शिपायाचा फोटो शोधायला निघालं की बहुधा दोन प्रकार समोर येतात. एक, स्टुडिओतली पोस्टकार्डाएवढी मूळ प्रिंट. दुसरा, तिच्यावरूनच पुढे मोठी करून हाताने रंगवलेली तसबीर. योगायोगाने माझ्याकडे एकाच हवालदाराचे हे दोन्ही प्रकार आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीतला गडी, छातीवर मिलिटरी मेडल हे शौर्यपदक.

भिंतीवर लावायची तर तसबीरच, यात फारसा वाद नाही. खोलीच्या त्या टोकावरूनही माणूस ओळखू येतो. मिशांना पीळ जरा जास्तच दिलाय, पण ते चालायचंच.

माझं घोडं अडलं ते पदकांच्या रंगीत फितींपाशी. मिलिटरी मेडलची फीत गडद निळी, मधोमध तीन पांढरे आणि दोन लाल पट्टे. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग जवळपास काळा उमटतो आणि निळा फिका पडतो. रंगवणाऱ्यापुढे होता तो असाच करडा फोटो. त्याने दिसलं ते रंगवलं: लाल पट्टे काळे, निळ्या कडा चक्क राखाडी. वर बहुधा घरच्यांच्या हौसेखातर इटली स्टार हे इटलीच्या मोहिमेचं पदकही चढवलं. हा स्टार जाहीर झाला १९४५ मध्ये. मोहिमांचे स्टार प्रत्यक्ष हातात पडले ते युद्धानंतर. युद्धाच्या काळात छातीवर असायच्या त्या मोहिमांच्या फक्त फिती, त्याही जाहीर झालेल्याच. आफ्रिका स्टारची फीत १९४३ पासून दिसू शकते. म्हणून ‘१९४४ चा आहे’ असं सांगून कुणी इटली स्टारवाली तसबीर दाखवली, तर तारीख तरी चुकलेली असते किंवा कुंचला तरी मागाहून फिरलेला असतो.

मूळ प्रिंटवर भिंग धरलं की शौर्यपदकाची फीत बटणांच्या बाजूला, पहिल्या मानाच्या जागी दिसते. खांद्यावरची पलटणीची अक्षरंही लागतात. तसबिरीत त्या जागी रंगाचा सपाट थर आहे. एकदा हे लक्षात आलं की त्या देखण्या चेहऱ्याकडे पाहतानाही नजर खाली फितीवरच जाते. निदान माझी तरी.

प्रिंटचेही नखरे आहेत. गडद भागावर चांदीसारखी निळसर झाक येते, आणि मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) न घालता फ्रेम केली तर दमटपणात ती काचेला चिकटते. माझी मी पाकिटातच ठेवतो.

नुसती आठवण हवी असेल, माणूस घरातलाच असेल, तर तसबीर वाईट नाही. पण कोण, कुठे, कशासाठी, हे त्या फोटोकडूनच कळावं असं वाटत असेल, तर लहान असली तरी मी प्रिंटकडेच झुकेन. तसबीर घेणारच असाल, तर पदकं कोणत्या छातीवर आहेत तेवढं बघा. मोठी करताना निगेटिव्ह उलटी लागली असेल, तर ती शिपायाच्या डाव्या छातीवरून उजव्या छातीवर गेलेली असतात आणि कोटाची बटणंही बाजू बदलतात.