कोलेस्टेरॉल: बोटाचा थेंब की लॅबची नळी?

गोव्यातल्या सत्तरी किंवा काणकोण तालुक्याच्या आतल्या गावातून लॅब गाठायची तर सकाळ मोडते. मग बोट टोचून काही मिनिटांत कोलेस्टेरॉलचा आकडा देणारं यंत्र घ्यावं का?

आधी अचूकता. एकूण कोलेस्टेरॉलमध्ये साधारण ९ टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घेतात. म्हणजे खरा आकडा २०० असला तर यंत्र १८२ दाखवील, नाहीतर २१८. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, तर बरीच यंत्रं मोजतच नाहीत, गणिताने काढतात. एकूणातून पूर्ण एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या दुसऱ्या चरबीचा) पाचवा भाग वजा करतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित कोसळतं. लॅबला तेव्हा एलडीएल थेट मोजता येतं.

घोटाळा बहुधा बोटावरच होतो. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, पहिला थेंब पुसा, बोट पिळू नका. पिळलं की ऊतींतलं पाणी मिसळून आकडा चुकतो. आणि गोव्याच्या पावसाळ्यात यंत्रात घालायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली, तर पट्ट्या गेल्याच म्हणा.

खर्च? वर्षातून एकदा तपासणाऱ्याच्या पट्ट्यांची मुदतच संपते. त्याला लॅब स्वस्त.

गावच्या शिबिरात चाळणीला यंत्र पुरे. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) सुरू करायचं, मात्रा बदलायची, तर लॅबच. आणि शक्यतो दरवेळी तीच.