संगोपन रजा सर्वांसाठी: आमच्या कंपनीच्या योजनेचे परीक्षण

पुण्याजवळच्या ज्या यंत्रनिर्मिती कंपनीत मी नोकरी करते, तिने आपल्या 'बालसंगोपन रजे'ला 'संगोपन रजा' असे नवे नाव दिले आणि वर्षाला १० दिवसांची ही भरपगारी रजा, अपत्य असो वा नसो, प्रत्येक कायम कर्मचाऱ्याला खुली केली. मी अविवाहित आहे, मला मूल नाही, आणि वडिलांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ही रजा मी घेतली. म्हणून योजनेच्या कागदांवरून नव्हे, तर ती प्रत्यक्ष वापरून झालेले मत येथे मांडते आहे.

प्रसूती रजेशी बरोबरी करण्याचा माझा मुळीच विचार नाही. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रत्येकी २६ आठवड्यांची रजा मिळते. ती बाळंतिणीच्या शरीराला सावरण्यासाठी आणि तान्ह्या बाळासाठी आहे. मूल नसलेल्याने तेवढेच आठवडे मागणे मला रास्त वाटत नाही. मात्र मूल शाळेत जाऊ लागल्यावरही जी रजा मिळते, तिचे कारण निराळे असते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुले १८ वर्षांची होईपर्यंत, संपूर्ण सेवेत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा घेता येते, तर महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना अशी १८० दिवसांची रजा लागू केली. मुलाचे आजारपण किंवा परीक्षा अशा वेळी आई घरी असावी, हा तिच्यामागचा विचार मला पूर्ण मान्य आहे. तोच विचार अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना लागू होत नाही, हे मात्र मान्य करता येत नाही.

आपल्याकडे ही विसंगती अधिक बोचते, कारण आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलांवर टाकलेली आहे, पण त्यांच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र रजा त्या कायद्यात नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की, वृद्ध पालकांच्या देखभालीसह कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी केंद्र सरकारी कर्मचारी आपली वर्षाची ३० दिवसांची अर्जित रजा वापरू शकतात. म्हणजे विश्रांतीसाठी साठवलेले दिवसच खर्च करायचे. जपानमध्ये शुश्रूषेची गरज असलेल्या कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे ९३ दिवसांपर्यंत रजा मिळते आणि ती तीन टप्प्यांत घेता येते. त्या मानाने आमच्या कंपनीचे १० दिवस थोडे आहेत, पण दिशा बरोबर आहे.

योजनेतील सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे मंजुरीची पद्धत. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली की अर्ज थेट मनुष्यबळ विभागाकडे जातो आणि वरिष्ठांना केवळ कळवले जाते. पूर्वी कोणाचे कारण मोठे आणि कोणाचे किरकोळ हे विभागप्रमुख ठरवत, आणि दिवाळीत किंवा मे महिन्यात रजांचा तक्ता लागला की "तुम्हाला काय, मागे मुलंबाळं नाहीत" हे वाक्य ठरलेले असे. माझ्या अर्जाच्या वेळी कोणीही खुलासा मागितला नाही. वडिलांना आधार देऊन उभे करणे, रात्री कूस बदलून देणे, फिजिओथेरपिस्ट शिकवतील ते व्यायाम करून घेणे, ही कामे सुट्टीच्या दिवसापुरती करून भागत नाहीत, आणि ती मला निश्चिंत मनाने करता आली.

त्रुटी दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. 'कुटुंबीय' कोण, हे कंपनीने मेडिक्लेमच्या यादीवरून ठरवले आहे: जोडीदार, अपत्ये, आई-वडील किंवा सासू-सासरे. त्यात भाऊ-बहीण नाहीत. माझ्या एका सहकाऱ्याला लहानपणापासून विधवा आत्याने वाढवले. आज तिचे सारे तोच पाहतो, पण तिच्यासाठी त्याला ही रजा मिळाली नाही. ज्यांना स्वतःचे मूल नाही, त्यांच्यावर बहुधा अशाच नात्यांची जबाबदारी असते, त्यामुळे ज्यांच्यासाठी योजना रुंद केली तेच तिच्या काठावर राहतात. अवलंबून असलेल्या एका व्यक्तीचे नाव कर्मचाऱ्याने स्वतः नोंदवावे, एवढी मुभा दिली तरी हा प्रश्न सुटेल.

दुसरी त्रुटी कामाच्या वाटणीची आहे. प्रसूती रजेसारख्या दीर्घ रजेवर गेलेल्याच्या जागी बदली माणूस येत नाही. ते काम उरलेल्यांत वाटले जाते, आणि मूल नसलेल्याला सायंकाळी थांबता येते असे गृहीत धरून त्याच्या वाट्याला जास्त येते. यातून बाळंतिणीविषयी कुजबुज सुरू होते, ही मला सर्वांत वाईट गोष्ट वाटते, कारण तिने तिच्या हक्काचेच घेतलेले असते आणि माणूस न नेमण्याचा निर्णय कंपनीचा असतो. सहकाऱ्यांमधला हा कडवटपणा रजेच्या दिवसांची बरोबरी करून जाणार नाही. तीन महिन्यांहून मोठ्या रजेसाठी कंत्राटी बदली कर्मचारी नेमणे, आणि तो येईपर्यंत जादा काम करणाऱ्याला त्याचा मोबदला देणे, हे नियमातच लिहिले पाहिजे.

या योजनेला मी पाचपैकी साडेतीन गुण देते. आपल्या कंपनीकडे अशी मागणी करू इच्छिणाऱ्यांनी मंजुरीची ही पद्धत जशीच्या तशी घ्यावी, मात्र कुटुंबाची यादी स्वतः नव्याने लिहावी आणि बदली माणसाचे कलम पहिल्याच मसुद्यात घालावे. योजना एकदा लागू झाली की त्या कलमाकडे कोणी वळून पाहत नाही.