पेपरचा मालक शोधायचाय? पोर्टल, फॉर्म ४ आणि वाचनालयाच्या फाइली : कोण किती कामाचं

छोट्या शहरातलं दैनिक आज कोणाच्या नावावर आहे, हे सरकारचं प्रेस सेवा पोर्टल लगेच सांगतं. आधी कोणाचं होतं, हे मात्र त्याला विचारू नये. वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, तेव्हापासून आरएनआयचं, म्हणजे वृत्तपत्रांची नोंदणी करणाऱ्या केंद्राच्या कार्यालयाचं (आताचं नाव पीआरजीआय), काम या पोर्टलवरून चालतं. शीर्षकं रोमन लिपीत आहेत. मराठी नावाचं स्पेलिंग ज्याने त्याने आपापल्या परीने केलेलं, त्यामुळे पूर्ण नाव टाकण्यापेक्षा एकच शब्द टाकावा आणि आलेल्या यादीत जिल्हा, भाषा पाहून पेपर ओळखावा.

नोंदणी क्रमांक नीट वाचला तर बरंच कळतं. ‘एमएएच-एमएआर’ म्हणजे महाराष्ट्र आणि मराठी, पुढे नोंदणीचं वर्ष. हे स्थापनेचं वर्ष नव्हे. पहिल्या पानावर ‘वर्ष ७८ वे’ छापलंय आणि क्रमांकात २००४ दिसतंय, तर दोन शक्यता. एक तर ही नवी आवृत्ती आहे, कारण प्रत्येक आवृत्तीची नोंदणी वेगळी होते. नाहीतर मधे पेपर बंद पडून नव्या माणसाने तो पुन्हा उभा केलाय. जुन्या कायद्यात १२ महिन्यांहून जास्त अंक निघाला नाही, की डिक्लेरेशन (मुद्रक-प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटपुढे केलेलं प्रतिज्ञापन) रद्द व्हायचं.

खरं काम करतो तो फॉर्म ४, म्हणजे पेपरने स्वतःच छापायचं मालकीचं निवेदन. १९५६ च्या नियमांनुसार फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात तो छापणं बंधनकारक होतं. प्रकाशनाचं ठिकाण, कालावधी, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं-पत्ते, आणि शेवटी मालक, भागीदार व एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेले भागधारक. ही शेवटची ओळच सोनं. एरवी शेवटच्या पानाच्या तळाशी ‘मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक येथे छापून प्रसिद्ध केले’ एवढंच असतं. मालक कंपनी असेल आणि नुसते शेअर हात बदलून गेले, तर त्या ओळीतलं एक अक्षरही हलत नाही.

म्हणून नगर वाचनालयात गेल्यावर वर्षाच्या फाइली उपसत बसू नये. दर पाचव्या वर्षाचा मार्चचा गठ्ठा मागवा आणि १ ते ३ तारखेचे अंक पाहा. नावं बदललेली दिसली की मधली वर्षं निम्मी-निम्मी करत या. बदलाचं वर्ष तीन-चार गठ्ठ्यांत सापडतं. पणजीचा ‘गोमंतक’ २४ मार्च १९६२ ला चौगुल्यांनी सुरू केला आणि आज तो सकाळ समूहाकडे आहे. अशा पेपरला ही रीत चपखल बसते. अडचण येते बाइंडिंगची. कडा कापताना बाइंडर तळाची ओळ बिनदिक्कत उडवतो, आणि नेमका मार्चचा पहिला अंकच गायब असणं हेही नेहमीचं. मग पुढचा एखादा न कापलेला अंक गाठून तळाच्या ओळीवर भागवावं लागतं.

मालक कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून वार्षिक विवरणपत्र पाहता येतं. भागधारकांची यादी त्यात असते. पैसे वसूल, फक्त कंपनीचं नाव तंतोतंत हवं.

१९५६ च्या मागे मात्र फॉर्म ४ थिटा पडतो. ‘लोकमत’चंच घ्या. १९१८ साली यवतमाळला लोकनायक बापूजी अण्यांनी काढलेलं हे साप्ताहिक पुढे जवाहरलाल दर्डांकडे आलं आणि १५ डिसेंबर १९७१ ला नागपुरात दैनिक झालं. यातला पहिला टप्पा कुठल्याच फॉर्मात मिळणार नाही. १८६७ च्या कायद्याने अंकावर मुद्रक-प्रकाशक मागितला, त्यामुळे तिथे जुन्या अंकाची तळओळ आणि अग्रलेखाखालचे खुलासे एवढाच आधार.

गोव्यात तर १९६१ पर्यंत हा कायदाच नव्हता. मेसियश गोमिशनी १९०० मध्ये पोर्तुगीजमध्ये सुरू केलेला ‘ओ हेराल्डो’ १९८३ मध्ये इंग्रजी झाला. त्याचा आधीचा इतिहास हवा तर पणजीच्या पाटो भागातलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय गाठावं. पोर्तुगीज येत नसली तरी पहिल्या पानावरच्या चौकटीतली नावं आणि तारखा वाचायला अडत नाही.