टी-26, 1/72 : सात महिन्यांनी स्प्रॉकेटचा लगदा

टी-26 या सोव्हिएत रणगाड्याचं प्लास्टिकचं जोडकिट, खऱ्याच्या 1/72 आकाराचं. 1933 मॉडेल, एकच बुरूज, 45 मिमीची तोफ. डब्यात काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. काचेच्या कपाटात ठेवलेल्या मॉडेलचं डावं स्प्रॉकेट, म्हणजे ट्रॅक फिरवणारं दातेरी चाक, परवा धूळ झटकताना ट्रॅकसकट (चाकांभोवतीच्या पट्ट्यासकट) हातात आलं. दात गायब, त्यांच्या जागी चघळून टाकलेल्या च्युइंगगमसारखा चिकट लगदा.

कारण सरळ आहे. किटमधला ट्रॅक व्हिनाइलचा, चाकं पॉलिस्टायरीनची. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट रसायन महिनोन्महिने झिरपत राहतं आणि पॉलिस्टायरीनला विरघळवतं. दाब जिथे जास्त, तिथे हे आधी होतं. पुढचं स्प्रॉकेट आणि मागचं आयडलर (ट्रॅकला ताण देणारं चाक) म्हणूनच गेलं. मधल्या आठ चाकांवर नुसते चकचकीत डाग आहेत. त्यात आपला एप्रिल-मे. उष्णतेने हे झिरपणं वाढतं, आणि उन्हाच्या भिंतीला टेकलेलं कपाट म्हणजे भट्टीच.

याच मॉडेलबद्दल दुसऱ्या महिन्यात मी लिहिलं होतं की ट्रॅक ताणून बसतो ते बरंच, लोंबत नाही. ते मत मागे घेतो. ट्रॅक जेमतेम दोन मिमी आखूड आहे आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ताणामुळे आयडलरचा आस आतल्या बाजूला वाकतो, पुढची बोगी (चार चाकांचा गट) उचलली जाते आणि चार चाकांपैकी पहिलं हवेत राहतं. शिवाय खऱ्या टी-26 चा ट्रॅक वरच्या चार रोलरांमध्ये किंचित झोळ खातो. इथे तो तबल्याच्या वादीसारखा ताठ.

चाकांवर रंग असला की वाचतं, असंही सांगतात. माझ्या चाकांवर ॲक्रिलिकचे दोन हात आणि वर वॉर्निश होतं. उशीर झाला असेल, पण व्हायचं ते झालंच. ट्रॅकवरचा रंग तर साबणाने धुऊन, प्रायमर देऊनही वळणावर खवले निघाल्यासारखा सुटला. स्टायरीनचं लिक्विड सिमेंट व्हिनाइलला धरत नाही, आणि सुपरग्लूचा सांधा कडक होऊन ताणाखाली तुटतो. ट्रॅकच्या टोकाच्या पिना तापलेल्या स्क्रूड्रायव्हरने दाबून वितळवल्या तर सांधा टिकतो, पण टिकलेला सांधा ताणही टिकवतो!

विक्रेत्याने चाकांच्या सुट्या भागांची फ्रेम फुकट द्यायची तयारी दाखवली, टपालखर्च मात्र माझा. तो निम्म्या किटएवढा. नाकापेक्षा मोती जड. नको म्हटलं.

दुरुस्ती अशी. ट्रॅक कापून काढा, ओढू नका, नाहीतर चाकाचा काठ सोबत येतो. मऊ झालेला भाग कानसायला जाऊ नका, कानस भरते आणि खड्डा वाढतो. नव्या ब्लेडने कडक प्लास्टिक लागेपर्यंत खरवडा, मग पुटी. स्प्रॉकेटला पुटीचा उपयोग नाही, बदलायलाच हवं. नवा ट्रॅक स्टायरीनचाच घ्या: वरखाली लांब तुकडे, वळणावर सुट्या कड्या. कड्या टेपवर ओळीने मांडून लिक्विड सिमेंट लावा, वीसेक मिनिटांनी पट्टी अर्धवट मऊ असतानाच स्प्रॉकेटभोवती गुंडाळा. रोलरांच्या मध्ये स्पंजचे तुकडे दाबले की झोळ येतो. रात्रभर हात लावू नका. बोग्या आधी काचेवर ठेवून सगळी चाकं टेकतात का ते बघा, ट्रॅक बसल्यावर ते सुधारता येत नाही.

बाकी किट खरंच गुणी आहे, रागाच्या भरात ते विसरायला नको. हल (रणगाड्याचं धड) साधारण 65 मिमी लांब, खिळे सुबक, बुरूज डावीकडे आणि चालकाचं दार उजवीकडे बरोबर आहे. तोफेचं तोंड 0.6 मिमीच्या ड्रिलने हातानेच पोखरा. 45 मिमीला 72 ने भागलं की जवळपास तेवढंच येतं. बुरुजाभोवतीची अँटेनाची कडी मात्र प्लास्टिकमध्ये फार जाड आहे. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून 0.3 मिमीची तांब्याची तार आणा, हातभर पुरते, बहुधा पैसेही घेत नाहीत. बुरुजापेक्षा जरा बारीक नळीवर गुंडाळा, कारण सोडल्यावर तार थोडी फाकते. ही कडी रेडिओ असलेल्या रणगाड्यांनाच असायची. त्यामुळे डिकल (रणगाड्यावरच्या खुणांचे चिकटचित्र) निवडण्याआधी त्या रणगाड्याचा फोटो शोधा. 1936 मध्ये स्पेनला गेलेल्यांपैकी एक करायचा असेल तर विशेषच.

आधी पाचपैकी साडेचार दिले होते. आता तीन, आणि तेही तोफ-बुरुजाच्या जिवावर.

काढलेला ट्रॅक सुट्या भागांच्या डब्यात टाकू नका. माझ्या डब्यात तो बीटी-5 या दुसऱ्या रणगाड्याच्या बुरुजाला चिकटून बसला होता. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून वेगळा ठेवा, आणि न उघडलेल्या किटमधलाही आजच बाहेर काढा.