पद्मिनीचा मागचा अ‍ॅक्सल, सेंटर बेअरिंग आणि रबर कपलिंग: बडोद्यात काही महिने वापरून

गाडी 1974 ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगवर. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ती चाकं बुडेपर्यंत उभी होती. इंजिन वाचलं म्हणून घरात सगळ्यांनी हुश्श केलं. पण डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचा, खालचा बोल्ट उघडल्यावर दुधाळ चहासारखं ऑइल पडायला लागलं. हाउसिंगच्या डोक्यावर हवेसाठी छोटा ब्रीदर असतो. पाणी तिथून किंवा चाकाकडच्या सीलमधून आत जातं. आतल्या मोठ्या गिअरच्या, म्हणजे क्राउनच्या, दातांवर गंजाचे खड्डे पडले होते. ऑइल बदलून गाडी चालायची, पण चाळीसच्या पुढे मागून अखंड घूंऽऽ. आमच्या मिस्त्रींचं म्हणणं, ‘साहेब, चाली जशे.’ चाललीही असती, पण पावागडच्या रस्त्यावर तो आवाज ऐकत बसणं मला जमलं नाही.

क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, पिनियन, सुटे मिळतात, ते घेऊ नका. ही जोडी कारखान्यात एकमेकींवर घासून जुळवलेली असते. एका गाडीचा क्राउन आणि दुसऱ्या गाडीचा पिनियन बसतील, फिरतीलही, पण गप्प बसणार नाहीत. मी कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून टॅक्सीतून उतरवलेला अख्खा अ‍ॅक्सल घेतला आणि ट्रान्सपोर्टनं मागवला. याच कुर्ल्यात या गाड्या तयार व्हायच्या! मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती जात रस्त्यावरून उठली. टॅक्सीवाले होते तोवर बारीकसारीक माल सतत बनत होता. आता जुन्या गाड्या फोडून निघेल तेवढंच.

घेताना दोन गोष्टी पाहिल्या. दोन्ही क्राउनचे आणि पिनियनचे दात मोजले, कारण प्रमाण वेगळं निघालं तर स्पीडोमीटरसुद्धा खोटं बोलतो. आणि पिनियन हातानं वर-खाली हलवून पाहिला. तिथे खेळ जाणवला तर बेअरिंग गेलेलं असतं. बसवताना मिस्त्रींनी तेलात कालवलेला शेंदूर दातांना लावून ठसा पाहिला, शिम (पातळ चकत्या) बदलत बदलत तो दाताच्या मध्यावर आणला. या कामाला त्यांनी वेळ घेतला आणि पैसेही नीट घेतले, दोन्ही रास्त. आज साठला मागून आवाज नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर किंचित गुणगुण येते, ती मी जुन्या लोखंडाला माफ केली आहे.

गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणाऱ्या दांड्यानं, प्रॉपेलर शाफ्टनं, मात्र जास्त दमवलं. या गाडीत तो दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग, गिअरबॉक्सच्या तोंडाशी रबर कपलिंग. सेंटर बेअरिंगचं बेअरिंग दुर्मीळ नाही, हे दुकानदार सांगणार नाही. रिंगवर कोरलेला नंबर वाचा. उदाहरणार्थ 6206 असेल तर शेवटच्या 06 ला पाचानं गुणून आतलं भोक 30 मिमी, बाहेरचा व्यास 62, जाडी 16. तो नंबर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतो, गाडीचं नाव न काढता. ‘पद्मिनीचं आहे’ म्हटलं की भाव चढतो. अडतं ते भोवतीच्या रबरावर.

आणि रबराच्या बाबतीत ‘ओरिजिनल, कंपनीच्या डब्यातलं’ या शब्दांवर भाळू नये. डबा न उघडलेला असला तरी रबर आत बसून म्हातारं होतंच. एका दुकानातून घेतलेलं असं कपलिंग दिसायला कोरं करकरीत होतं. उन्हाळा संपायच्या आत बोल्टांच्या भोकांभोवती त्याला चिरा गेल्या. मग मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) रबर मोल्डिंग करणाऱ्या एका कारखान्यात जुना नमुना दिला. त्यांना एक नग काढणं परवडत नव्हतं, म्हणून ओळखीच्या फियाटवाल्यांनी मिळून ऑर्डर दिली. लोखंडी बुश आपले जुनेच, साफ करून त्यावर नवं रबर चिकटवून भाजलेलं. हे रबर मूळच्यापेक्षा कडक आहे. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना एक धक्का बसतो आणि पन्नासच्या आसपास फ्लोअरला बारीक थरथर येते. पण पूर्ण पावसाळा आणि एक्स्प्रेसवेवरून अहमदाबादची फेरी होऊनही चीर नाही. पुढच्या वेळी मऊ मिश्रण मागणार.

क्लच प्लेटला जुन्या चकतीवर नवं लायनिंग रिव्हेट करून घेतलं. स्वस्त, उत्तम, त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही. फक्त जुनं लायनिंग काढताना भुकटी फुंकू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टस असू शकतं.

इटलीहून मागवायचा सल्ला बरेच जण देतात. तिथली फियाट 1100 डी आणि आपली गाडी बाहेरून बहिणी, पण तिथल्या डीमध्ये 1221 सीसीचं इंजिन होतं. तेव्हा क्लचसारखी वस्तू नुसत्या मॉडेलच्या नावावर मागवू नये, स्प्लाइनचे (शाफ्टवर बसणाऱ्या खाचांचे) दात आणि व्यास मोजून फोटो पाठवावा. शिवाय कुरिअर आणि कस्टम धरून जो आकडा होतो, त्यात माझा अख्खा अ‍ॅक्सल आला असता.

एक गिअरबॉक्स अजून बाकी आहे. तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाकताना दात खातो. काही मित्र म्हणतात, नंतरच्या गाडीचा फ्लोअर शिफ्टवाला बॉक्स बसव, मोकळा हो. पण 50 वर्षं झालेल्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळते आणि तिथे गाडी मूळ रूपात असावी लागते. मला ती करायची आहे, म्हणून अडेल ते चालेल पण गिअर स्टिअरिंगवरच राहील. तोवर दुसऱ्यात टाकताना मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबतो. टॅक्सीवाले हेच करायचे.