वॉटरकलरची 12 रंगांची डबी: खटका मोडला आणि मग जमायला लागलं

स्टुडंट ग्रेड म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचा स्वस्तातला रंग, हाफ पॅन म्हणजे सुक्या रंगाच्या वड्यांचे छोटे कप, बाकी आत काय असतं ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येतो. मुद्दा म्हणजे झाकणाचा खटका.

इतका घट्ट की नखाने उचकटावा लागायचा, आणि उघडला की असा झटका बसायचा की एखादा पॅन जमिनीवर. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला संध्याकाळी जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो, डोकं आधीच आंबलेलं, "जाऊ दे, उद्या बसू" म्हणायला एवढं निमित्त पुरतं. मग एक दिवस तो मोडलाच. कस्टमर केअरला फोटो पाठवले तर उत्तर आलं, फिजिकल डॅमेज वॉरंटीत बसत नाही. अहो, खटक्याला दुसरं कुठलं डॅमेज होणार, मानसिक? पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच कॉपी-पेस्ट. एका स्टारचा रिव्ह्यू लिहायलाच घेतला होता.

पण झालं असं, की झाकण लागेना म्हणून डबी टेबलावर उघडीच राहिली, बाजूला पाण्याचा पेला आणि 8 नंबरचा राउंड (गोल, टोकदार) ब्रश. येता-जाता हात जायला लागला. चित्र वगैरे नाही हो, नुसत्या पट्ट्या, गडदपासून फिक्यापर्यंत. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) मिसळून राखाडी करायचा आणि बघत बसायचं, निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत कसे बसतात ते. एखादा आठवडा खंड पडला की ब्रशमध्ये पाणी किती घ्यायचं हा अंदाज सगळ्यात आधी जातो, आणि तो या पट्ट्यांनीच परत येतो. ओला रंग वाळल्यावर फिका पडतो हे ऐकून सगळ्यांना ठाऊक असतं, हाताला कळायला वेळ लागतो. रोज एक चित्र टाकायचे ते चॅलेंज माझ्या कामाचे नाहीत, एक दिवस चुकला की पुढचे सगळे गेलेच. त्यामुळे स्टार वाढवतोय.

सोबतचं पॅड मात्र भंगार. सेल्युलोजचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा पातळ कागद, पाणी लागलं की फुगतो, दोनदा ब्रश फिरवला की लव सुटते, आणि नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच येत नाही. अर्ध्याहून जास्त लोक इथेच सोडत असतील असं माझं मत. 300 जीएसएमचा (म्हणजे जाडजूड) शंभर टक्के कॉटनचा कागद घ्या. महाग आहे, मान्य, आणि म्हणूनच लोक तो "चांगल्या चित्रासाठी" कपाटात ठेवून देतात. त्यावर माझा चिक्कूपणाचा उपाय: 22 बाय 30 इंचाचा पूर्ण शीट आणायचा, उभे-आडवे चार-चार भाग करायचे, साडेपाच बाय साडेसातचे 16 तुकडे होतात. दोन्ही बाजू वापरायच्या. एवढासा तुकडा वाया गेला तर जीव जळत नाही आणि एका बैठकीत संपतोही.

उघड्या पॅनवर धूळ बसते, ती ओल्या ब्रशने उचलून टाकतो, विषय संपला. बर्न्ट सायना तळाला लागलाय, त्याच पॅनमध्ये ट्यूबमधला रंग भरणार, थोडा थोडा थर देऊन आणि मधे वाळू देऊन. नवी डबी घेणार नाही. नवीला खटका असेल.