रामायणाचं चित्रपुस्तक, एकाच चित्रकाराचं का देशोदेशीच्या चित्रांचं?

भाचीसाठी जळगावात दोन पुस्तकं घेतली, दोन्ही रामायणाचीच. एकात सगळी चित्रं एकाच हातची, कार्टून टाईप, चार वर्षांच्या पोरीला पानोपानी राम लगेच सापडतो, झोपताना वाचायला हेच बरं.

दुसऱ्यात श्लोक, खाली सोपं मराठी आणि समोर दरवेळी वेगळीच चित्रकला, म्हणजे आधी १७व्या शतकातलं मेवाडचं लघुचित्र ज्यात एकाच चौकटीत राम दोन-तीनदा दिसतो, मग सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगतात ती), मग जावा बेटावरच्या चामडी बाहुल्या, मग बँकॉकच्या वाट फ्रा केओ मंदिरातली भिंतीवरची चित्रं. तिथला हनुमान पांढराशुभ्र! भाची म्हणे, "हाऊ कोन शे?" आजीबाई पण चष्मा लावून बसल्या.

लोचा एवढाच की दर पानाला रामाचं तोंड बदलतं, लहान पोरं गोंधळतात, आणि कोणतं चित्र कुठलं ते शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात, काय वैताग यार. तरी सात-आठ वर्षांच्या पोराला मी दुसरंच देईन. आणि आपल्याला अजिंठा कुठं लांब आहे, तिथं १७ नंबरच्या लेणीत भिंतभर जातककथा (बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी) आहेत, पुस्तक बघून झालं की पोरांना एसटीत बसवायचं अन् न्यायचं.